पाळकाची मराठी

ख्रिस्ती धर्मगुरूंपुढील आजच्या अडचणींचा विचार बहुधा तीन अंगांनी केला जातो : तरुणांची अनास्था, चर्चच्या मिळकतींवरून चालणारे तंटे आणि बाहेरून व्यक्त होणारा संशय. हे तिन्ही प्रश्न खरेच आहेत. परंतु महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाकडे साहित्याचा अभ्यासक म्हणून पाहू लागले, की एक चौथा प्रश्न पुढे येतो आणि पहिला व तिसरा हे दोन्ही त्याच्याशी जोडलेले दिसतात. तो भाषेचा आहे. पाळकाने उपदेशपीठावरून कोणती मराठी बोलावी ?

या प्रश्नाला चारशे वर्षांचा पूर्वेतिहास आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, तेव्हा त्याची लिपी रोमन असली तरी छंद ओवीचा होता. जुनी पुराणे ज्यांच्या हातून सुटली त्या सासष्टीच्या लोकांना दुसरे पुराण हवे आहे, केवळ प्रश्नोत्तरी पुरेशी नाही, हे या जेझुइटाने ओळखले. पुढे १६८४ च्या फर्मानाने पोर्तुगीज सत्तेनेच तेथील लोकभाषेविरुद्ध पाऊल उचलले, हा इतिहासातला कडवट विरोधाभास. एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न नगरमध्ये पुन्हा उभा राहिला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवले. 'उपासना-संगीता'चा मोठा भाग आजही त्यांचाच आहे. टिळक स्वतः दीक्षित पाळक होते, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात चरित्राचा तपशील म्हणून येते. माझ्या मते ती त्यांच्या काव्याची गुरुकिल्ली आहे. समोर बसलेल्या मंडळीला गाता येईल अशी ओळ लिहिणे ही त्यांच्या पदाची गरज होती.

आजच्या पाळकाला हा वारसा मिळाला आहे, आणि त्याचे ओझेही. 'तारण', 'नीतिमान', 'प्रायश्चित्त' हे शब्द मिशनऱ्यांनी पंडितांच्या साहाय्याने घडवलेल्या संस्कृतप्रचुर मराठीतून आले. नगर जिल्ह्यातील मंडळ्या मात्र बहुतांशी महार व मांग समाजांतून आलेल्या. म्हणजे उपदेशपीठाची मराठी आरंभापासूनच श्रोत्यांच्या घरातली नव्हती. सवयीने ती पवित्र झाली, आणि पवित्र झाल्यावर तिला हात लावणे कठीण झाले. वसईत चित्र निराळे आहे. तेथे घरी सामवेदी किंवा वाडवळी बोली, शाळेत आता बहुधा इंग्रजी, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिनच्या जागी आलेली मिस्साविधीची प्रमाण मराठी. ज्या भाषेसाठी मागच्या पिढीने लॅटिन सोडली, ती भाषा नातवंडांना परकी वाटू लागली आहे. त्यांच्यासाठी इंग्रजीचा आश्रय घ्यावा तर आजी गप्प बसते. घेऊ नये तर नातू येत नाही. उच्च धर्मशिक्षणातही इंग्रजीचे वजन मोठे आहे. त्यामुळे पाळकाला ग्रीक क्रियापदाची व्युत्पत्ती सांगता येते, पण तीच गोष्ट ज्ञानोबा-तुकोबांच्या शेजारी बसवून सांगता येईलच असे नाही. टिळकांना ते सहज जमले, कारण तो परिसर त्यांचा स्वतःचा होता.

हे झाले मंडळीच्या आतले. बाहेर पाळकाचे शब्द वेगळ्या कानांनी ऐकले जातात. ओरिसाच्या १९६७ च्या आणि मध्य प्रदेशाच्या १९६८ च्या कायद्यांत 'बळा'च्या व्याख्येत दैवी अवकृपेच्या धमकीचा समावेश होता. साहित्याच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. देवाच्या कोपाचा धाक ही जगातील कोणत्या भक्तिवाङ्मयात नाही ? तो आपल्या व्रतकथांतही भरपूर आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही कायदे वैध ठरवले आणि संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदातील प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा अर्थ लावला. त्या निर्णयाच्या गुणदोषांची चर्चा विधिज्ञांनी करावी. मला दिसते ते इतकेच, की रूपक आणि विधान यांतील जो भेद आपण वर्गात शिकवतो, तो पाळकाला रविवारी सकाळी जपून पाळावा लागतो.

नावांचा प्रश्न याहूनही बोचरा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले गेले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. परिणामी एकाच माणसाची शाळेच्या दाखल्यावर एक ओळख आणि मंडळीत दुसरी, असे घडते. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नाव लिहिताना पाळक एखाद्या मुलाची शिष्यवृत्ती धोक्यात घालतो की त्याची श्रद्धा लपवतो ? हा पेच कोणत्याही धर्मशास्त्राच्या ग्रंथाने सोडवलेला नाही, आणि त्यात पाळकाला दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दाखवले, की वाट अगदीच बंद नाही. 'सुबोध बायबल'च्या नावातच त्यांची भूमिका आहे. 'सुवार्ता' मासिकातून आणि वसईच्या पर्यावरणाच्या लढ्यातून घडलेले त्यांचे गद्य ख्रिस्तेतर वाचकानेही आपले मानले. तरीही उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे २०२० मध्ये भरलेल्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड होताच विरोध झाला. तो त्यांच्या लेखनाला नव्हता, झग्याला होता. २०२४ मध्ये ते निवर्तले.

याबाबत आम्हां विद्यापीठीय मंडळींची वर्तणूकही फारशी अभिमानास्पद नाही. मराठी ख्रिस्ती साहित्य म्हणजे स्टीफन्स, बाबा पदमनजी, टिळक आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' असा एक प्रकरणाचा आराखडा आपण ठरवून टाकला आहे, आणि ते प्रकरण १९३० च्या दशकात संपते. १८४२ मध्ये निघालेल्या 'ज्ञानोदया'च्या जुन्या फायली आपण हौसेने चाळतो. पण त्याच परंपरेतले, गेल्या पन्नास वर्षांत राहुरी, जालना, वसई, नाशिक येथे रविवारामागून रविवार बोलले गेलेले मराठी गद्य कोणत्या विभागाने ध्वनिमुद्रित करून ठेवले आहे ?