किती हवा हवी?

आमच्या मांद्र्याच्या घरापुढे फणसाच्या सावलीत एक जुनी अँबॅसिडर उभी असते. आजोबांनी ती टॅक्सी म्हणून घेतली होती. चोपडे आणि शिवोली यांच्यामध्ये पूल नव्हता, त्या काळात फेरीबोटीत गाडी चढवून ते शुक्रवारच्या बाजाराला माणसे म्हापशाला नेत आणि आणत. पुढे टॅक्सी बंद झाली, गाडी घरगुती झाली, पण विकली गेली नाही. आजोबांच्या दृष्टीने ती घरातील एक माणूसच आहे.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. कार्बुरेटरवर लेख लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे प्राध्यापक मंडळी विचारतील. अधिकार एवढाच की या विषयावरून आमच्या घरात तीन आठवडे भांडण चालले आणि दोन्ही बाजूंचा हिशेब मला लिहावा लागला.

झाले असे. गेल्या जूनमध्ये माझे सामान घेऊन दादा आणि मी साखळी, केरी, चोर्ला या वाटेने बेळगावला येत होतो. घाटात गाडीने दम सोडला. दुसऱ्या गिअरवरही ओढेना, ॲक्सिलरेटर दाबला की आधी अडखळे, मग धापा टाकीत पुढे सरके. मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून आमचा उद्धार केला. दादाने तिथेच निर्णय जाहीर केला, "इंजिनाला हवा कमी पडते. मोठा मॅनिफोल्ड आणि दोन कार्बुरेटर बसवायचे." त्यासाठी लागणारी रक्कम म्हणजे त्याची हॉटेलातील एका हंगामाची शिल्लक. तीच रक्कम माझ्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी धरलेली होती, हे त्याला माहीत होते. मलाही होते.

दादाचे म्हणणे अडाणीपणाचे होते असे मात्र कुणी समजू नये. त्याच्या बाजूने इतिहास आहे. अँबॅसिडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. 1957 पासून 2014 पर्यंत ती आपल्याकडे तयार होत राहिली. तिच्यात कित्येक वर्षे जे 1489 घनसेंटिमीटरचे इंजिन होते, ते तिकडे बी-सिरीज म्हणून ओळखले जाते. तेच इंजिन 1955 साली एमजीए नावाच्या दोन माणसांच्या स्पोर्ट्स गाडीत बसवले गेले, एकाऐवजी दोन एसयू कार्बुरेटर लावून. आपल्या अँबॅसिडरची ताकद पन्नास अश्वशक्तीच्या आसपास, तर एमजीएची सुरुवातीला 68 आणि लवकरच 72. इंजिन एका घराण्याचे आणि फरक एवढा! दादाने त्या गाडीचे चित्र छापून भिंतीवर लावले आहे. त्याहून पुढची पायरीही आहे. याच घराण्यातील 1798 घनसेंटिमीटरच्या एमजीबीवर हौशी लोक इटालियन वेबरचा आडवा, जुळ्या तोंडांचा कार्बुरेटर खास मॅनिफोल्ड लावून बसवतात.

बेळगावात मामांच्या ओळखीचे एक वृद्ध मेस्त्री आहेत. दादाने त्यांना सगळा बेत सांगितला. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी कन्नडमध्ये दोनच शब्द विचारले, "एष्टु बेकु?" म्हणजे, किती हवे? दादाला कन्नड येत नाही. मी भाषांतर केले आणि माझ्या लक्षात आले की मराठीत हा प्रश्न अधिकच नेमका होतो. किती हवा हवी?

प्रश्न आकड्याचा होता, म्हणून मी वही काढली. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या मापाएवढी हवा ओढते. म्हणजे मिनिटाला 2000 फेऱ्या असताना आमच्या इंजिनाला जास्तीत जास्त 1489 लिटर हवा लागेल. 4200 फेऱ्यांना 3127 लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. शंभरातले ऐंशी भरतात असे धरले, तर अनुक्रमे 1200 आणि 2500 लिटर. आता मांद्रे, आगरवाडा, चोपडे, म्हापसा हा रस्ता डोळ्यांपुढे आणा. वळणे, शाळेची मुले, रस्त्यात बसलेल्या गाई, भाड्याच्या स्कूटरवरील पाहुणे. या रस्त्यावर 4200 फेऱ्या कोण आणि कुठे करणार? गाडीचे बहुतेक आयुष्य दोन-अडीच हजार फेऱ्यांत जाते. घाटातही हवी असते ती याच पट्ट्यातली ओढ. दोन कार्बुरेटरांचा खरा लाभ मात्र वरच्या फेऱ्यांत मिळतो. जो माल आपण कधी उचलणारच नाही, त्यासाठी गोदाम बांधण्यासारखे हे आहे.

आता मॅनिफोल्डचे पाहू. मॅनिफोल्ड म्हणजे कार्बुरेटरपासून सिलिंडरपर्यंत हवा आणि पेट्रोल नेणारा नळ. नळ मोठा केला की वाहतूक वाढेल, असे सहज वाटते. पण आमच्या कुळागरातला पाट आठवा. पाट रुंद केला आणि पाणी तेवढेच राहिले, तर वेग मंदावतो आणि गाळ तळाशी बसतो. मॅनिफोल्डमध्ये हा गाळ म्हणजे पेट्रोलचे थेंब. हवा मंद झाली की थेंब नळाच्या भिंतीला चिकटतात, एका सिलिंडरला जास्त मिळते, दुसरा उपाशी राहतो आणि गाडी अडखळते. त्यातून या इंजिनाची रचना विशेष आहे. सिलिंडर चार, पण हवा आत घेणारी दारे दोनच. पहिला व दुसरा सिलिंडर एका दारातून घेतात, तिसरा व चौथा दुसऱ्या दारातून. पेट घेण्याचा क्रम 1-3-4-2 असल्यामुळे एका दारावरचे दोघे पाठोपाठ ओढतात आणि मग ते दार विसावते. दोन भावांना एकच ताट, आणि भूक एकामागून एक! बाहेर कितीही मोठा नळ जोडला तरी हे ताट तेच राहते. एमजीएवाल्यांनीही नुसते कार्बुरेटर वाढवले नव्हते. कॉम्प्रेशनपासून पुढे सगळ्याचा मेळ त्यांनी घातला होता, आणि गाडी हलकी होती.

कार्बुरेटरांतही घराणी आहेत. अँबॅसिडरवर एसयू आणि सोलेक्स दोन्ही पाहायला मिळतात. सोलेक्स किंवा वेबरचा गळा ठरलेल्या मापाचा असतो. तो गरजेपेक्षा मोठा घेतला, तर कमी फेऱ्यांत हवेचा ओघ मंद होऊन पेट्रोल नीट वर खेचले जात नाही. एसयूचे तसे नाही. त्यात एक पिस्टन असतो. इंजिन जेवढी हवा मागेल तेवढाच तो वर उचलला जातो आणि त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमधून तेवढेच पेट्रोल सोडते. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. इंग्लंडमधील स्किनर बंधूंचे घराणे पादत्राणांच्या धंद्यातले, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्बुरेटरात पिस्टनऐवजी चक्क चामड्याचा भाता होता. मागणी तसा पुरवठा हा आपल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकातील धडा या मंडळींनी पितळ आणि ॲल्युमिनियममध्ये उतरवला. आमच्या गाडीवर हाच कार्बुरेटर होता. मग हवा कमी पडत होती तरी कुठे?

मेस्त्रींनी इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डच्या सांध्यावर थोडे तेल सोडले. इंजिनाचा आवाज बदलला. मग थ्रॉटलचा स्पिंडल बोटाने हलवला, तर तो खुळखुळा झालेला. हवा कमी पडत नव्हती, उलट नको त्या वाटेने जास्त हवा आत येत होती! पॅकिंग फुटलेले, स्पिंडल झिजलेला आणि त्यामुळे मिश्रण पातळ. त्यात आजच्या पेट्रोलची भर. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जाळायला वजनाने 14.7 भाग हवा लागते, तर या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या बेताने लावलेला कार्बुरेटर आज आपोआपच पातळ मिश्रण देतो, आणि इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्याही खातो. बेळगावची सुमारे 750 मीटर उंची हा परिणाम थोडा भरून काढते, कारण वर हवा विरळ असते. पण मांद्र्याला समुद्रकाठी उतरले की पुन्हा तीच रड.

नवे बुश, नवा स्पिंडल, नवे पॅकिंग, इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि जेटखालचा नट थोडा खाली घेऊन मिश्रण थोडे दाट. मग मेस्त्रींनी पिस्टन किंचित उचलून दाखवला. इंजिन क्षणभर वेगाने फिरून पुन्हा जागेवर आले, म्हणजे मिश्रण बरोबर. फिरत राहिले असते तर दाट, बंद पडले असते तर पातळ. दादाच्या बेताच्या मानाने खर्च एवढा थोडा आला की तो त्याने खिशातूनच दिला. परतीच्या वाटेवर नाही, पण चतुर्थीनंतर मी पुन्हा आले तेव्हा चोर्ला घाट गाडीने दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरवर न कुरकुरता चढला.

माझे मत यातून बनले आहे. गोव्यात हल्ली जुन्या गाड्यांना चांगले दिवस आहेत. पाहुण्यांना त्या आवडतात, लग्नात मिरवतात. पण बॉनेट उघडल्यावर काय चमकते, याच्यावर गाडीची किंमत ठरू लागली आहे. 2021 साली केंद्राने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. तेही सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेल्या गाड्यांनाच लागू होतात. शर्यतीच्या गाडीवर दोन काय, चार कार्बुरेटर बसवा. ज्याला तो छंद परवडतो त्याला माझा विरोध नाही. पण रोजच्या रस्त्यावरच्या गाडीसाठी क्रम असा असावा. आधी गळती शोधा, मग रस्ता पाहा, मग हवेचा हिशेब मांडा, आणि सर्वांत शेवटी खरेदी. आम्ही तो क्रम नेमका उलटा धरला होता.

आपण विद्यार्थीही असेच करतो, असे मला वाटते. एका क्लासने भागत नाही म्हणून दुसरा लावतो, आणि वेळ कोणत्या फटीतून गळतो ते पाहत नाही. असो, उपदेश करण्याचे माझे वय नाही.

माझी फी भरली गेली. दादा अजून पूर्ण हरलेला नाही. एमजीएचे चित्र भिंतीवर आहे आणि परवा फोनवर त्याने विचारले, "तू नोकरीला लागलीस की बसवायचे ना?" मी त्याला मेस्त्रींचाच प्रश्न विचारला. आता त्याला तेवढे कन्नड कळते.