सहा इंजिने आणि एक संपादक

ब्रिटिश रेल्वेविषयीच्या इंग्रजी लेखनात एडवर्ड थॉम्प्सन हे बहुधा खलनायक म्हणूनच भेटतात. १९४१ साली सर नायजेल ग्रेस्ली निवर्तले, त्यांच्या जागी थॉम्प्सन लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे मुख्य यंत्र-अभियंता झाले आणि त्यांनी ग्रेस्लींची ‘पी-२’ वर्गातील सहाही इंजिने मोडून त्यांतून वेगळीच इंजिने घडवली. तीही द्वेषापोटी, असे सांगितले जाते. आम्हांला ही कथा फार सोयीची वाटते.

एडिंबरो ते ॲबर्डीन हा सुमारे १३० मैलांचा मार्ग. फोर्थ आणि टे या खाड्यांवरील पूल, चढ, अवघड वळणे, आणि साडेपाचशे टनांच्या शयनयान गाड्या. त्या ओढायला दोन-दोन इंजिने जुंपावी लागत. म्हणून ग्रेस्लींनी आठ जोडचाकांचे एक्सप्रेस इंजिन रचले. एक्सप्रेस प्रवासी गाड्यांसाठी असा दुसरा वर्ग ब्रिटनमध्ये झाला नाही. पहिले, ‘कॉक ओ’ द नॉर्थ’, १९३४ साली डॉन्कास्टरच्या कारखान्यातून बाहेर पडले व त्याच वर्षअखेर चाचणीसाठी फ्रान्समधील व्हित्री येथे गेले. १९३६ पर्यंत सहा झाली.

त्यांची नावे साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावीत. ‘थेन ऑफ फाइफ’ म्हणजे ‘मॅकबेथ’मधला मॅकडफ, आणि फोर्थचा पूल ओलांडला की गाडी फाइफमध्येच शिरते. ‘वुल्फ ऑफ बॅडेनॉक’ म्हणजे १३९० साली एल्गिनचे कॅथीड्रल जाळणारा सरदार. ‘मॉन्स मेग’ ही एडिंबरोच्या किल्ल्यावरील तोफ. (ज्या शहराने स्टेशनालाच स्कॉटच्या कादंबरीचे नाव दिले, तिथे हे साहजिकच!) ग्रेस्लींच्या आधीच्या कित्येक इंजिनांना शर्यतीच्या घोड्यांची नावे होती, इथे मात्र प्रदेशच बोलतो.

पण प्रदेशाचे नाव धारण करणे वेगळे आणि त्याची वळणे पचवणे वेगळे. आठ जोडचाकांची लांब, ताठर चौकट त्या वळणांवर झिजे. क्रँक ॲक्सल मोडल्याच्या घटना घडल्या. कोळसाही फार लागे. युद्धकाळात सहाच इंजिनांच्या वर्गाचे हे लाड कोण पुरवणार? १९४३-४४ मध्ये थॉम्प्सन यांनी जोडचाकांची एक जोडी काढून टाकली. हेतू आम्हांला समजण्याजोगा वाटतो. परिणामाची बाजू मात्र घेता येत नाही. रुळांवरची पकड घटली, इंजिने घसरू लागली, आणि पुढे त्यांना स्कॉटलंडबाहेर धाडण्यात आले. नावाच्या पाट्या तशाच राहिल्या. संहिता बदलून शीर्षक कायम ठेवणारा संपादक आपल्या ओळखीचा आहे. दोष दाखवताना तो बरोबर असतो, दुरुस्ती करताना चुकतो. १९६१ पर्यंत सहाही बाद झाली, एकही जतन झाले नाही.

२०१३ साली डार्लिंग्टन येथे याच वर्गाचे नवे इंजिन बांधण्याची योजना जाहीर झाली. काहींना ही ‘मूळ पाठा’ची पुनःस्थापना वाटते. परंतु योजनाकारांनी पुढच्या लहान चाकांच्या गाड्याचा आणि क्रँक ॲक्सलचा आराखडा विचारपूर्वक बदलला आहे, म्हणजे संपादन त्यांनीही केलेच. फक्त आठ चाकांना हात लावला नाही. आमचे मत त्यांच्या बाजूने आहे. शिवाय त्यांनी सहांपैकी कोणतेही नाव उचललेले नाही. नव्या इंजिनाचे नाव ‘प्रिन्स ऑफ वेल्स’. क्रमांक मात्र २००६ च्या पुढचा, २००७.