दुष्काळाचे साक्षीदार आणि अर्थशास्त्राचा वर्ग

१९७२-७३ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातील हजारो हात खडी फोडीत होते. अशाच कामांच्या अनुभवातून रोजगार हमी योजना रुजली आणि १९७७ साली तिला कायद्याचे रूप लाभले. विद्यार्थी हा कायदा पाठ करतो. परंतु घरच्या आजीला त्या कामावर काय मजुरी मिळाली, हे मात्र विचारीत नाही. मुलाखतींचे पॉडकास्ट ही उणीव भरून काढू शकतील. प्रश्न बेतणे, आठवण आणि सरकारी आकडा ताडून पाहणे, हेच खरे अर्थशास्त्राचे शिक्षण होय. साधन खिशातच आहे. हवी ती शिस्त. संमती घ्यावी, संभाषण लिहून काढावे, ध्वनिमुद्रण ग्रंथालयात जपावे. तेव्हा विशीत असलेला मजूर आज सत्तरीपलीकडे आहे. अभ्यासमंडळे सवडीने विचार करतील. साक्षीदारांना तेवढी सवड नाही.