आधी त्याचे पिस्तूल जमा करा

आंबिवली, मोहोने, अटाळी या भागात आमच्या बैठका होतात. हल्ली त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "ताई, बाईमाणसाने पिस्तूल घ्यायचे तर कोणते घ्यावे?" विचारणाऱ्या बाया थट्टा करत नसतात. कोणी रात्रपाळी संपवून शेवटच्या कसारा गाडीने उतरते आणि स्टेशनपासून घरापर्यंत जीव मुठीत धरून चालते. कोणी नवऱ्यापासून वेगळी राहते आणि तो कधी दारात येऊन उभा राहील याचा तिला नेम नसतो.

या प्रश्नाला चळवळीतले ठरलेले उत्तर आहे: हिंसेने हिंसा संपत नाही. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. काल रात्री मार खाल्लेल्या बाईला सुविचार नको असतो. पोलिसाच्या कमरेला पिस्तूल, पुढाऱ्याच्या अंगरक्षकाजवळ पिस्तूल, बिल्डरच्या गाडीत पिस्तूल, आणि अहिंसेचा पाठ तेवढा बायकांनी गिरवायचा, हा न्याय मलाही मान्य नाही. म्हणून प्रश्न टाळायचा नाही. दुकानापर्यंत जाऊन पाहायचे.

दुकानात काय आहे? मार्च–एप्रिलच्या साडी सेलसारखी बायकांसाठी खास वस्तू तिथेही आहे. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर जेमतेम वर्षभराने, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने 'निर्भीक' नावाचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन सुमारे अर्धा किलो, पर्समध्ये मावेल असे. तेव्हाची किंमत सुमारे एक लाख बावीस हजार रुपये. 'निर्भया' म्हणून जिचा शोक केला, तिच्याच नावाशी नाते सांगणारे नाव त्या हत्याराला दिले. पुढे २०२३ मध्ये 'प्रबल' आले. तेही बायकांना हाताळायला सोपे म्हणून बातम्यांत झळकले. अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीने हाच धंदा १९८९ मध्ये 'लेडीस्मिथ' नावाने केला होता. बाईची भीती हा चांगला बाजार आहे, हे तिकडे आधी कळले, इकडे नंतर.

मोहोन्याच्या एनआरसी कारखान्याला २००९ मध्ये टाळे लागले. तेव्हापासून इथल्या कितीतरी घरांतल्या बाया कल्याण–डोंबिवलीत धुणीभांडी करून, पोळ्या लाटून संसार ओढताहेत. त्यांच्यातल्या अनेकींची वर्षभराची कमाई एक लाख बावीस हजार भरत नाही. तेव्हा हे संरक्षण कोणत्या बाईसाठी आहे, ते किमतीच्या चिठ्ठीवरच लिहिलेले आहे.

समजा पैसे जमले. तरी दुकानदार आधी परवाना मागणार. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणे हा गुन्हा आहे. अर्ज पोलिस आयुक्तालयात करायचा, चौकशी स्थानिक पोलिस ठाणे करणार, हत्यार सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला हवा आणि जिवाला धोका आहे हे पटवून द्यायला हवे. धोका कागदाने सिद्ध होतो. कागद म्हणजे तक्रारीची नोंद. आणि आपली सगळी धडपड तर ती नोंद व्हावी यासाठीच असते! "घरातले भांडण आहे, समजुतीने घ्या" असे सांगून जिला चौकीवरून परत पाठवले, तिच्याजवळ धोक्याचा एकही कागद नसतो. ज्या ठाण्याने तिचे ऐकले नाही, त्याच ठाण्याने तिला पिस्तुलाची शिफारस द्यायची. अशा वाटेने परवाना कोणाला मिळतो? ज्याची आधीच वट आहे त्याला. म्हणजे बहुतेक वेळा पुरुषाला, आणि त्यातही पैसेवाल्याला.

आता समजा परवानाही मिळाला आणि पिस्तूल घरात आले. ते रोखायचे कोणावर?

आंबिवलीत भीतीचा विषय निघाला की बोट चटकन एका वस्तीकडे जाते. साखळीचोर, गुंड, बाहेरचे लोक. सोनसाखळी खेचली जाते हे खरे आहे आणि ती खेचणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण सबंध वस्तीला गुन्हेगार ठरवले की तिथल्या बायकांच्या तक्रारी कोणी ऐकत नाही, आणि आपल्या घरातला गुन्हेगार सभ्य ठरतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे दरवर्षी तेच सांगतात: बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक ठिकाणी आरोपी ओळखीचा असतो. स्त्रियांवरील गुन्ह्यांत सर्वांत मोठा गट पती आणि सासरच्यांच्या क्रूरतेचा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चौघींत एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले.

ही हिंसा करणारा अंधाऱ्या गल्लीतून येत नाही. तो त्याच खोलीत झोपतो. दहा बाय पंधराच्या घरात कपाट एकच आणि त्याची किल्ली बहुधा त्याच्याकडे. बाईच्या नावावरचे घर, बाईच्या नावावरची पगाराची पासबुके, बचत गटाचे कर्ज यांचे काय होते ते आपण रोज पाहतो. तिच्या नावावरच्या पिस्तुलाचे निराळे काय होणार? अमेरिकेत घरोघरी बंदुका आहेत, त्यामुळे तिथे हे मोजता आले. जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, मारहाण करणाऱ्या जोडीदाराच्या हाती बंदूक असेल तर बाईचा खून होण्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो. पिस्तूल घरातल्या सत्तेची वाटणी बदलत नाही. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्याच हातात ते जाते.

आपल्या ठाणे जिल्ह्यात पिस्तूल कशासाठी चालते तेही पाहू. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळीबार झाला. कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांच्यावर महेश गायकवाड यांना गोळ्या घातल्याचा गुन्हा दाखल झाला. वाद जमिनीचा होता. पोलिस ठाण्याच्या आत, सशस्त्र पोलिसांच्या देखत हे घडू शकते, तर पर्समधले पिस्तूल बाहेर काढून, नेम धरून बाई वेळेत वाचेल ही कल्पना सिनेमातली आहे.

याच जिल्ह्यात त्याच वर्षी सरकारी पिस्तूलही चालले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाले. तक्रार नोंदवून घ्यायला पोलिसांनी पालकांना तासन् तास ताटकळत ठेवले. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांची मागणी न्यायाची होती. महिनाभराने, २३ सप्टेंबरला, आरोपी पोलिसांच्या गाडीतच पोलिसाच्या गोळीने मेला आणि मुंबईत 'बदला पुरा' असे फलक लागले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरले. त्या मुलींना काय मिळाले? मुख्य आरोपीवरचा खटला उभाच राहिला नाही. तक्रार उशिरा का घेतली, शाळेने काय दडवले, हे प्रश्न त्या एका गोळीच्या आवाजात बुडाले. बाईच्या नावाने झाडलेली गोळी बहुधा बाईचे म्हणणेच बंद करते.

सत्ताधाऱ्यांना मात्र बाईच्या हातात हत्यार देणे फार आवडते. जानेवारी २०१३ मध्ये शिवसेनेने मुंबईत बायकांना चाकू वाटले. मार्च २०२५ मध्ये मंत्री गुलाबराव पाटील यांनी पर्समध्ये चाकू आणि मिरची पूड ठेवण्याचा सल्ला दिला. त्याच महिला दिनी विरोधी पक्षाच्या रोहिणी खडसे यांनी राष्ट्रपतींना पत्र लिहून स्त्रियांना एक खून माफ करा अशी मागणी केली. खडसे यांच्या पत्रामागचा संताप मी समजू शकते. पण मंत्र्याने चाकूचा सल्ला देणे म्हणजे काय? ज्याच्या हाती पोलिस खाते, निधी आणि कायदा असलेले सरकार आहे, त्याने "तुमचे तुम्ही पाहा" म्हणून हात झटकणे. मग बाई मेली तर विचारणार: पर्समध्ये चाकू का नव्हता?

काही मैत्रिणी नागपूरची आठवण देतात. १३ ऑगस्ट २००४ रोजी कस्तुरबा नगरच्या बायकांनी अक्कू यादव या गुंडाला भर न्यायालयात संपवले. चाकू होते, मिरची पूड होती. त्या घटनेचा मी उत्सव करत नाही. पण तिच्यातून शिकायचे असेल तर नीट शिकू या. वर्षानुवर्षे त्या वस्तीतल्या तक्रारी पोलिसांनी कचऱ्यात टाकल्या होत्या, म्हणून तो दिवस आला. आणि त्या दिवशी तिथे एकटी बाई नव्हती, सगळी वस्ती होती. त्यांचे बळ हत्यारातून आले असे मानणे म्हणजे त्या बायकांनाच विसरणे. उलट मार्च १९९० मध्ये उल्हासनगरात रिंकू पाटीलला परीक्षेच्या वर्गात जाळून मारले, तेव्हा आजूबाजूला माणसे होती, पण तिच्या बाजूने उभे राहणारे बळ नव्हते.

मग आपण मागायचे काय? याचे उत्तर आपल्या कायद्यातच पडून आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे १९९५ चे नियम काढून वाचा. अत्याचाराची शक्यता असलेल्या भागात दलित-आदिवासी नसलेल्यांचे शस्त्र परवाने रद्द करून हत्यारे सरकारजमा करण्याचा अधिकार नियम ३ देतो. गरज पडल्यास दलित-आदिवासींना परवाने देण्याची तरतूदही त्यातच आहे. पण क्रम पाहा: वरचढ असलेल्याचे हत्यार काढून घेणे आधी. दुसरा दाखला निवडणुकीचा. दर निवडणुकीत परवानाधारकांची छाननी होते आणि हत्यारे पोलिस ठाण्यात जमा करून घेतली जातात. म्हणजे घरातल्या पिस्तुलाने शांतता बिघडते हे सरकारला पक्के ठाऊक आहे. मतपेटीसाठी जे करता येते ते बाईच्या जिवासाठी का करता येत नाही?

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात. कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार आली की त्या घरातले परवान्याचे हत्यार तात्काळ जमा झाले पाहिजे. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार शस्त्र कायद्याच्या कलम १७ ने दिलेलाच आहे, तो वापरा. नवा परवाना देताना किंवा नूतनीकरण करताना अर्जदाराच्या बायकोचा जबाब स्त्री अधिकाऱ्याने एकटीला भेटून घ्यावा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे लिहिले आहे. वर्षानुवर्षे तारखा पडतात त्याचा जाब विचारू या. प्रत्येक तालुक्याला पूर्णवेळ संरक्षण अधिकारी हवेत, त्यांना गाडी आणि शिपाई हवा. मुंबईत १९८४ पासून पोलिस व्यवस्थेत प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसवून स्त्रियांसाठी विशेष कक्ष चालवण्याचा प्रयोग झाला. तसा कक्ष प्रत्येक पोलिस ठाण्यात का नको?

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत आपापल्या भागातल्या कोणत्या घरात मारहाण आहे आणि त्याच घरात परवान्याचे हत्यार आहे याची माहिती घ्या. बाईला विचारून, तिच्या संमतीने आणि तिच्या सुरक्षेची सोय आधी करून, तिच्यासोबत पोलिस आयुक्तालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एकटीने जाऊ नका, दहाजणी जा. अर्ज फेटाळला तर फेटाळल्याचे कारण लेखी मागा. बाईने काय विकत घ्यावे याची चर्चा पुष्कळ झाली. सरकारने कोणाच्या हातून काय काढून घ्यावे, ही चर्चा आता सुरू करू या.