करुणा आणि कलापरीक्षण

कलावंताच्या मरणाची कथा त्याच्या कृतीआधीं आमच्या कानीं पडली, म्हणजे त्या कृतीचें मोल ठरविणें कठीण होऊन बसतें. पाणावलेल्या डोळ्यांस रंग नीट दिसत नाहींत. कानांचेंहि तसेंच आहे. 'जे डिला' या नांवानें प्रसिद्धि पावलेले अमेरिकन हिप-हॉप संगीतरचनाकार जेम्स यान्सी यांच्या 'डोनट्स' या ध्वनिमुद्रित संग्रहाविषयीं हेंच घडलें, असें आमचें मत आहे.

यान्सी यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९७४ रोजीं डेट्रॉइट शहरीं झाला. हा संग्रह नेमका त्यांच्या बत्तिसाव्या वाढदिवशीं, ७ फेब्रुवारी २००६ रोजीं, प्रसिद्ध झाला. आणि अवघ्या तीन दिवसांनीं, दीर्घ दुखण्यानंतर, ते लॉस एंजेलिस येथें निवर्तले. संबंध संग्रह त्यांनीं रुग्णशय्येवरच रचला, अशी आख्यायिका लौकरच पसरली. डॅन चार्नास यांच्या २०२२ सालच्या चरित्रग्रंथानें मात्र ती खोडून काढिली आहे. बहुतेक काम रुग्णालयांतील दीर्घ मुक्कामापूर्वींच झालें होतें.

'पिचफोर्क' या संगीतविषयक नियतकालिकानें २००६ सालीं या संग्रहास दहांपैकीं ७.९ गुण दिले. २०१३ सालीं तो पुन्हा निघाला तेव्हां पूर्ण १० दिले. मुद्रिका तीच, स्वर तेच. मग वाढलें काय? कोणी म्हणेल, ही केवळ दया होय, ती वजा करावी. आम्हांस हें मान्य नाहीं. वाढीव गुण योग्यच असतील. परंतु ते ज्या कारणास्तव द्यावयाचे, तें कारण कृतींतच शोधलें पाहिजे.

आणि तें तेथें आहे. संग्रहांत ३१ लहान लहान खंड आहेत. बहुतेक दोन मिनिटांच्या आंतच आटोपतात. सारी सामग्री जुन्या तबकड्यांतून वेंचलेली. 'डोंट क्राय' या खंडांत प्रथम 'द एस्कॉर्ट्स' या गायकवृंदाचें जुनें गाणें जवळजवळ जसेंच्या तसें ऐकूं येतें. मग त्याचेच बारीक तुकडे होऊन निराळीच चाल उभी राहते. कोणी जुनें लुगडें आधीं उलगडून दाखवावें आणि मग आमच्यादेखत त्याची गोधडी शिवावी, तसा हा प्रकार आहे. यंत्र ताल बिनचूक मोजतें. यान्सी ठोके किंचित् मागेंपुढें ठेवीत, आणि त्यामुळें यंत्रांतूनहि मनुष्याचा हात जाणवतो. पहिल्याच खंडास त्यांनीं समाप्तीचें नांव दिलें आहे. शेवटचा स्वर पुन्हा आरंभास जाऊन मिळतो.

हें कौशल्य दुखण्यानें दिलेलें नव्हे. १९९५-९६ च्या सुमारास 'द फारसाइड' व 'ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या मंडळ्यांसाठीं काम करतांनाच तें प्रकट झालें होतें. जो केवळ अंतकाळाची गोष्ट सांगतो, तो वर्षानुवर्षें राबलेल्या कारागिरास रोगी एवढीच ओळख देतो. हा सन्मान नव्हे, अन्याय होय.

मृताविषयीं कळवळा वाटणें स्वाभाविक आहे. त्याची लाज कोणीं मानूं नये. परंतु आमच्या तरुण वाचकांस आम्ही एवढेंच सुचवूं कीं, त्यांनीं आधीं कृति ऐकावी आणि मग कर्त्याचें चरित्र विचारावें. या क्रमानें दिलेली स्तुतीच कलावंताच्या श्रमांचें खरें वेतन होय. तें यान्सी यांच्या हयातींत पुरतें पोंचलें नाहीं, म्हणून तरी आतां तें चोख मोजून दिलें पाहिजे.