आधी बायोप्सी, मग शस्त्रक्रिया

स्तनात गाठ लागली आणि कर्करोगाची शंका आली, की घरात पहिला प्रश्न असतो तो ‘ऑपरेशन कधी?’ गाठ काढून टाकली म्हणजे धोका टळला, ही समजूत इतकी पक्की की गाठ कशाची आहे हे कळण्याआधीच अनेकदा शस्त्रक्रियेची तारीख ठरते. बहुतेक वेळा तो दुग्धनलिकांचा नेहमीचा कर्करोग असतो आणि त्यात शस्त्रक्रिया लागतेच. पण काही थोड्या स्त्रियांत हीच गाठ लिम्फोमाची, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाची निघते. तिथे स्तन काढून काहीच साधत नाही.

स्तनातच सुरू होणारा लिम्फोमा दुर्मीळ आहे. स्तनाच्या दर हजार कर्करोगांत असे पाचही रुग्ण नसतात. म्हणूनच तो चटकन कुणाच्या ध्यानात येत नाही. हाताला दुखत नसलेली, भराभर वाढणारी गाठ लागते. मॅमोग्राफीत बहुधा एकच गोल किंवा लंबगोल गाठ दिसते. नेहमीच्या कर्करोगात आढळणारे कॅल्शियमचे बारीक कण आणि काटेरी कडा सहसा नसतात. सोनोग्राफीत ती काळसर आणि भरपूर रक्तपुरवठ्याची दिसते. कधी ती फायब्रोअॅडेनोमासारखी निरुपद्रवी भासते, तर कधी नेहमीच्या कर्करोगासारखी. फिल्म पाहून शंका घेता येते, निदान करता येत नाही.

निदान होते ते सूक्ष्मदर्शकाखाली. बारीक सुईने ओढलेल्या सुट्या पेशी त्यासाठी अनेकदा अपुऱ्या पडतात; जाड सुईने काढलेला तुकडा, म्हणजे कोअर बायोप्सी हवी. तरीही एक चकवा उरतो. स्तनातला सर्वांत जास्त आढळणारा लिम्फोमा मोठ्या बी-पेशींचा असतो आणि तो आक्रमक कर्करोगासारखा दिसू शकतो. अशा वेळी फक्त ईआर, पीआर आणि हर-टू या तीनच चाचण्या केल्या तर तिन्ही सहसा निगेटिव्ह येतात आणि ‘ट्रिपल निगेटिव्ह’ कर्करोगाचा शिक्का बसतो. सायटोकेरॅटिन निगेटिव्ह, पण सीडी ४५ आणि सीडी २० पॉझिटिव्ह आले, की खरा आजार उघड होतो. या जादा चाचण्यांचा खर्च शस्त्रक्रियेपुढे किरकोळ आहे.

निदान बदलले की उपचारही बदलतात. या लिम्फोमाला केमोथेरपी आणि रिटुक्सिमॅब लागते, पुढे बऱ्याचदा रेडिएशनही. संपूर्ण स्तन काढल्याने आयुष्य वाढत नाही. उलट जखम भरेपर्यंत खरे उपचार लांबतात. रिटुक्सिमॅबची भारतीय बनावटीची आवृत्ती २००७ पासून मिळते आहे. म्हणजे औषध आहे, आजार बरा होण्याची आशाही आहे. स्तन मात्र एकदा गेला की परत येत नाही.

एवढ्या दुर्मीळ आजारासाठी सगळ्यांनाच का थांबवायचे, असे कुणी म्हणेल. पण आधी बायोप्सीचा नियम फक्त लिम्फोमासाठी नाही. नेहमीच्या कर्करोगातही आधी केमोथेरपी द्यायची की शस्त्रक्रिया करायची, हे त्या तुकड्यावरूनच ठरते. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, ही भीतीही निराधार आहे. बायोप्सीने आजार पसरत नाही, तो ओळखता येतो. यात चार दिवस जातात, पण ते वाया जात नाहीत.

म्हणून कर्करोगाची शंका असलेल्या गाठीचा बायोप्सी अहवाल हाती आल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख ठरू नये. जिल्हा रुग्णालयातल्या तुकड्यांनाही जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात या चाचण्या मिळाव्यात. आणि नातेवाइकांनी ‘ऑपरेशन कधी?’ याच्या आधी ‘बायोप्सीत काय आले?’ हे विचारावे.