गळ टाकायला निघताय? सुट्टी नव्हे, तिथी बघा

परीक्षा संपल्या, पाहुणे आले, की रामवाडी-पेणच्या घराघरांत टूम निघते: चला, धरमतरला जाऊ, रेवसला जाऊ, गळ टाकू. जरूर जा. चैत्र-वैशाखात नद्यांचं गोडं पाणी आटलेलं असतं. खाडीत खारं पाणी आतपर्यंत चढतं आणि त्याबरोबर समुद्रातली मासळीही चढते. होडी नसलेल्या माणसाला धक्क्यावर उभं राहून दोन मासे मिळावेत, असे हेच दिवस.

पण आपण निघतो रविवार बघून. पाणी रविवार बघत नाही, ते तिथीने चालतं. म्हणून घरातून निघण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा.

हिशेब सोपा आहे. आजची तिथी घ्या, तिनाने गुणा, चाराने भागा. जे उत्तर येईल, त्या सुमारास आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती. रामनवमीला नऊ त्रिक सत्तावीस, भागिले चार, म्हणजे पावणेसात. सकाळी पावणेसातला आणि संध्याकाळी सातच्या आसपास पाणी भरलेलं असणार. हनुमान जयंतीला पौर्णिमा, म्हणजे सव्वाअकरा ते बारा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजा, अमावस्येलाही पंधराच धरा. रेवसपेक्षा धरमतरला पाणी थोडं उशिरा पोचतं, तेवढी सवड ठेवा.

भरती पूर्ण व्हायच्या दोन तास आधी पोचा. पाणी चढताना मासा खायला काठाकडे येतो. भरती थांबून ओहोटी लागली की आणखी तासभर थांबा, मग गळ गुंडाळा. चिखल उघडा पडल्यावर उन्हात बसून काही हाती लागत नाही.

पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा सहा तासांत पाणी दहा-बारा फूट चढतं किंवा उतरतं. खाडीच्या तोंडाशी ओढ जबरदस्त असते. लहान मुलं बरोबर असतील तर हे दिवस टाळा. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ओढ कमी असते. नवशिक्यांनी आणि घरच्या मंडळींनी तेव्हा जावं.

आता जागा. रेवस आणि मांडव्याच्या जेट्ट्या मुळात प्रवाशांसाठी आहेत. भाऊच्या धक्क्याची लाँच लागते, मांडव्याला रो-रो लागते. लाँच येताना दिसली की गळ वर घ्या आणि बाजूला व्हा. प्रवासी उतरत असताना मागे हात नेऊन गळ फेकू नका. मागे कुणाचा डोळा असेल, ते तुम्हाला दिसत नाही. गळ टाकायला मनाई असेल तर हुज्जत घालू नका. धरमतरच्या खाडीत मालाचे बार्ज ये-जा करतात, कंपन्यांच्या खासगी जेट्टीवर पाऊलही टाकू नका. सागरी पोलीस विचारपूस करतात, म्हणून ओळखपत्र खिशात ठेवा.

पोचल्यावर आधी तिथल्या कोळी दादांना किंवा मावशींना विचारा: इथे खडक कुठे, पाणी कुठून ओढतं, आज वारा कसा आहे? रोज त्या पाण्यावर पोट असलेली माणसं कधी खोटं सांगत नाहीत. त्यांची जाळी सुकत असतील तर ओलांडू नका, होडी बांधलेल्या दोरात गळ अडकवू नका.

सामान फार लागत नाही. तंगूस, चार-सहा गळ, शिशाची वजनं, ओली कोलंबी. त्याबरोबर एक सुरी, एक पक्कड, जाड फडकं, प्यायचं पाणी आणि टोपी. पायांत पट्ट्याची, रबरी तळाची चप्पल हवी. पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि खांबांना कालवं चिकटलेली असतात. त्यांची धार ब्लेडसारखी कापते.

आणखी एक वस्तू आवर्जून न्या. पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावलेला, त्याच्या मुठीला पन्नासेक फूट दोर बांधलेला. कुणी पाण्यात पडलं तर मागोमाग उडी मारू नका. वाचवायला गेलेला माणूसही बुडतो. हा कॅन फेका, त्याला धरायला सांगा आणि पायऱ्यांकडे ओढा. तुम्ही स्वतः पडलात तर ओढीविरुद्ध हात मारून दमू नका. पाठीवर तरंगा, पाण्याबरोबर जात जात तिरकं काठाकडे सरका. मदतीसाठी ११२, तटरक्षक दलासाठी १५५४ हे नंबर फोनमध्ये आधीच घालून ठेवा.

गळ खाली अडकला तर ओहोटीच्या चिखलात उतरू नका. दहा रुपयांचा गळ जाऊ द्या, तंगूस कापा. तरीही कुणी गाळात रुतलंच तर त्याला पाय झटकू देऊ नका. मागे रेलून अंग पसरायला सांगा आणि एकेक पाय हळूहळू मोकळा करा.

मासा लागला की खरी घाई होते आणि इथेच हात फाटतात. खाडीत शिंगाळा हमखास लागतो. त्याला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन कल्ल्यांमागे दोन्ही बाजूंना. तो उघड्या हाताने धरू नका. फडक्याने दाबा, पकडीने गळ सोडवा. पाकट लागलं तर शेपटीपासून लांब राहा, तंगूस कापून त्याला जाऊ द्या.

काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-एक तास बुडवून ठेवा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, चांगल्या हाताने बघा. वेदना उतरते. मग पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा अलिबागला जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर तो डॉक्टरच काढतील. गळच बोटात रुतला तर उलटा ओढू नका. तंगूस कापा आणि तसंच दवाखान्यात जा.

बाहेर काढल्यावर पोट फुगवणारा केंड मासा घरी आणू नका. त्याचं विष शिजवून जात नाही आणि त्यावर उताराही नाही. मांजरालाही घालू नका.

जिताडा लागला तर तुमचं नशीब. पेण-अलिबागकडे या माशाचा केवढा मान, हे वेगळं सांगायला नको. पण एक लक्षात ठेवा. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. वीतभर पोर उचललंत तर उद्याची आई गेली. लहान असेल तर हात ओले करून गळ सोडवा आणि पाण्यात परत सोडा. राज्य सरकारनेही २०२३ साली ५४ जातींच्या मासळीचा किमान आकार ठरवून दिला आहे. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान धरायचं नाही. घरी एका वेळेला पुरेल एवढंच घ्या.

उठताना तुटलेली तंगूस बोटांवर गुंडाळून पिशवीत टाका. ती वर्षानुवर्षं कुजत नाही. बगळ्याच्या पायात अडकते, होडीच्या पंख्यात गुंतते. आमिष लावलेला गळ धक्क्यावर राहिला तर कुत्रं गिळतं. बाटल्या घरी आणा, आणि दारूच्या तर नेऊच नका. पिऊन धक्क्याच्या कडेला बसणाऱ्याला वाचवायला कॅनही पुरत नाही.

मे महिन्याच्या मध्यानंतर दर्या फुगू लागतो, दुपारनंतर वळवाचे ढग येतात. गडगडाट ऐकू आला की लांब काठी आधी खाली ठेवा आणि उघड्या जेट्टीवरून निघा. विजेच्या तारांखाली तर गळाची काठी कधीच उभी धरू नका. १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते. बोटवाले ज्या समुद्राला मान देऊन घरी बसतात, त्यापुढे आपण धक्क्यावर हट्ट धरू नये.

तिथी जुळत नसेल, वारं सुटलं असेल, बरोबर लहान मूल असेल आणि मन कचरत असेल, तर सरळ पेणच्या बाजारात जा. कोळणीकडून ताजी मासळी घ्या आणि घरी कालवण करा. गळ पुढच्या भांगाला टाकता येईल.